संजीवनीचं पान आणि कमळचे पातोळे

उरणजवळच्या आमच्या मिठागरात मीठ पिकतं तेव्हा चिटपाखरू फिरकत नाही. पण बांधावर एक दगड सापडला आणि पार अलिबागपासून गाड्यांची रांग लागली.

"द्रोणगिरी नेताना हनुमंताच्या मुठीतून निसटलेलं हे संजीवनीचं पान!" संजीवनबाबा दगडावरची पानाची नक्षी दाखवत गर्जत होते. "लाखो वर्षं समाधी लावून बसलंय! याचं तीर्थ प्या, सुया-गोळ्या खाडीत फेका!"

बाबांना स्वतःला पडसं झालं होतं. संजीवनी पडशावर चालत नसावी.

माझ्या बहिणीने, कमळने, खरोखरच इन्सुलिन बंद केलं. पायाची जखम चिघळत चालली. मी ओरडलो, तर म्हणाली, "दादा, तुजा इस्वास न्हाय, म्हनून मना गुन येत न्हाय."

म्हणजे दोषी मीच! हिचा पाय जाणार, अशी भीती मला वाटू लागली.

माझी लेक नेत्रा पुण्याच्या प्रयोगशाळेत दगड झालेल्या जुन्या पानांचा अभ्यास करते. दगड धुतलेल्या आत्याच्या तीर्थाच्या बाटलीतला गाळ तिने तपासायला नेला. आठवड्याने ती भर गर्दीत बाबांसमोर उभी राहिली.

"पानावर मेणासारखी पातळ साल असते," ती म्हणाली. "पान दगडात गाडलं गेलं तरी तिचा अंश टिकतो. त्यातल्या रसायनांवरून झाडाचं घराणं ओळखता येतं. या सालीचं घराणं आलं-हळदीचं. शिवाय जुन्या पानातली साखर केव्हाच नाहीशी होते. ती इथे ताजी आहे. आणि दगड आहे सिमेंटचा."

"यंत्राला देव काय कळणार?" बाबा शिंकत म्हणाले. लोकांनी जयजयकार केला. सर्वांत मोठा आवाज कमळचा.

नेत्रा वाद घालत बसली नाही. श्रावण चालू होता, घरोघरी गोड पातोळे उकडले जात होते. तिने विचारलं, "आत्या, पातोळ्यांवर रेघा कशा उमटतात गं?"

"येरी का काय तू? येवरा पन ठाव न्हाय? हळदीच्या पानावर पीठ थापलं, का पानाच्या शिरा..."

कमळ मध्येच थांबली. मग लंगडत दगडापाशी गेली आणि नखाने कोपरा खरवडला. हिरवट सालपट हातात आलं.

"बाबा," ती म्हणाली, "पान नीट सोलून काढाचा असतं. तुमचा चिकटून रायलाय."

हशा पिकला. बाबांच्या झोपडीमागे हळदीचा वाफा आणि सिमेंटची अर्धी गोणी निघाली.

कमळ त्याच दुपारी डॉक्टरांकडे गेली. पाय वाचला, एक बोट मात्र गेलं. त्या बोटापायी बाबांवर आलेला राग माझ्या मनातून अजून जात नाही.

देवाला खुशाल हात जोडा. पण आपल्या चुलीवर रोज घडणारी गोष्ट कुणी चमत्कार म्हणून दाखवली, तर तीर्थाला ओंजळ पुढे करण्याआधी नखाने जरा खरवडून पाहा.