मालकांचं ताट

श्रावणीने विचारलेल्या प्रश्नांना चांगली उत्तरं आली होती, तरी तिचं चित्त काही थाऱ्यावर येईना.

सोलापूरच्या त्या दवाखान्यात ती आहारतज्ज्ञ होती. पोटाच्या विकारांचा रुग्ण आला की त्याला कुपोषणाचा धोका आहे का, हे तिनं तपासायचं. वजन किती, ते घटलंय का, जेवण कमी झालंय का. मंगळवेढ्याकडच्या जोतीरामांचं उद्या सकाळी आतड्याचं ऑपरेशन होतं. अंगात ताकद नसेल तर आतले टाके धरत नाहीत, जखम चिघळते, आणि माणूस हातचा जाऊ शकतो. म्हणून तिच्या होकारावाचून ऑपरेशन होणार नव्हतं.

वजन उंचीच्या मानानं ठीक भरलं. आधी किती होतं, असं विचारल्यावर जोतीराम हसले.

"आमच्यात पोती तोलत्यात, माणसं न्हाय."

"जेवण जातंय का?"

उत्तर त्यांच्या बायकोनं, मुक्ताबाईनं दिलं. "जातंय की. ताटात शीत ऱ्हात न्हाय, बाई."

खोटं बोलणारी माणसं श्रावणीनं रोज पाहिली होती. मुक्ताबाई त्यातली नव्हती. श्रावणीनं 'धोका नाही' असा शेरा मारला आणि ती निघाली.

पण काट्यावर चढताना जोतीरामांनी कमरेचा करदोडा वर ओढून घेतला होता, ते काही डोळ्यांपुढून हलेना. वर्षानुवर्षं अंगाला बसलेला करदोडा असा घसरतो कसा? सैल बांधला असेल, असं तिनं मनाला बजावलं. मन ऐकेल तर ना! तिचा चहा निवून गेला. पुढच्या रुग्णाला तिनं जोतीराम म्हणून हाक मारली. शेवटी तिनं सर्जन हृषीकेशना गाठलं, तर ते म्हणाले, "धोका नाही म्हणालीस ना? मग झालं." डॉक्टर लोकांना 'झालं' म्हणायला फार आवडतं.

दुपारी काही काम नसताना ती पुन्हा त्या वॉर्डात गेली. जोतीरामांनी चार घास खाल्ले, हात धुतला आणि ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मुक्ताबाईनं तेच ताट पुढ्यात ओढलं आणि ती खाली मांडी घालून जेवायला बसली.

"तुम्ही यांच्याच ताटात जेवता?"

"व्हय. लगीन झाल्यापास्नं. मालकांचं झालं की मी."

श्रावणीला स्वतःचाच भयंकर राग आला. ताट संपतं का, हे विचारलं. कोण संपवतं, हे विचारायचं सुचलं नाही. आणि बाई बिचारी अक्षरही खोटं बोलली नव्हती.

तिनं तिथूनच हृषीकेशना फोन लावला. "सर, उद्याचं ऑपरेशन थांबवा. शेरा चुकलाय, चूक माझी आहे. आधी त्यांना खाऊपिऊ घालून ताकद आणावी लागेल." पलीकडून "बरं, बघतो" आलं.

जोतीराम तेवढ्यात उठून बसले होते. "उगं लांबवू नगा," ते कुरकुरले. "जेवतोय की मी."

श्रावणी त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. स्वयंपाकघरातून तिनं दुसरं ताट आणलं आणि मुक्ताबाईला त्यात वेगळं वाढून दिलं. पहिलं ताट तसंच मधे राहिलं. त्यात जवळजवळ अख्खी भाकरी होती, आणि वरच्या कालवणाला फक्त बोट लागलं होतं.

मुक्ताबाई त्या ताटाकडे बघत राहिली. हातातला घास तिनं खाली ठेवला.

"आदी कोरभर ठेवायचे," ती हळूच म्हणाली. "मग चतकोर, मग अर्धी. मला वाटलं, म्हातारपणी माया आली. माझ्यासाठीच ठेवत्यात."

जोतीरामांनी मान खाली घातली. श्रावणीनं ते ताट उचललं नाही.