काठावरच्या जळवा

“आधी चिखल तुडवा, मंग चिखलातच आंघोळ करा. अन् याले म्हणे सुट्टी!”

प्रमोदिनीच्या मानेमागे वीतभर अंतरावरून हे आलं. पायवाट इतकी अरुंद होती की उद्धवरावांची कुरकुर थेट तिच्या कानात पडत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. तीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट ती शिकली होती. वकील नवऱ्याला उत्तर दिलं की पुढची तारीख पडते.

चांदूर रेल्वे गावाच्या अलीकडे गाडी लावून तिघं टेकडीमागच्या तळ्याकडे निघाली होती. तिसरी ज्योत्स्ना, जठारपेठेतली शेजारीण, पाटबंधारे खात्यात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी तिनंच बावन्न वर्षांच्या प्रमोदिनीला अकोल्याच्या तरणतलावात ढकललं होतं, अक्षरशः हातानं. तेव्हापासून प्रमोदिनी पोहायची आणि उद्धवराव बाकावर टॉवेल घेऊन बसायचे. कोणी विचारलंच तर क्लोरीननं त्यांचे डोळे चुरचुरत. गोव्याला गेले तेव्हा कान दुखत होता. एरवी मामाच्या गावी पूर्णेच्या पुरात मारलेल्या उडीची गोष्ट ते रंगवून सांगत, आणि त्या गोष्टीतली नदी दर वर्षी थोडी रुंद होत जाई.

त्यांना पोहता येत नाही, हे घरात जावयांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत मात्र कोणी नव्हतं. प्रमोदिनीलाही त्यांना खोटं पाडायचं नव्हतं. लेकी आपापल्या घरी गेल्या होत्या, रविवार मोकळे पडले होते. पाण्यात मान वळवली की शेजारी हा माणूस दिसावा, लांब काठावर टॉवेलसकट नको, एवढंच तिला वाटे. पण शिकवायचं तरी कसं? पोहता येतं म्हणणाऱ्याला पोहायला शिकवता येत नाही.

तळ्याच्या एका अंगाला शिंगाड्याचे वेल पसरले होते. शिंगाडे तोडून नुकतीच काठाला आलेली गावातली मैनाबाई टोपली निथळवत होती. उद्धवरावांनी लगेच उलटतपासणी सुरू केली.

“बाई, जळवा आहेत काय इथं?”

“हाव साहेब, हायेत ना.”

त्यांचा चेहरा उजळला. “ऐकलं? नाहीतर मी आलोच असतो पाण्यात.”

“कावून वकीलसाहेब, पूर्णेत नव्हत्या काय जळवा?” ज्योत्स्नानं विचारलं.

“पुराच्या धारेत जळू टिकत नाही,” ते गंभीरपणे म्हणाले.

दोघी पाण्यात शिरल्या. वरचं पाणी कोमट, खालचं गार. प्रमोदिनी उताणी झाली, कान बुडाले आणि जग एकदम शहाणं झालं. काठाच्या गवतात उद्धवराव पँट दुमडून, टॉवेल खांद्यावर टाकून, पोटरीभर पाण्यात पहारा देत होते.

“डावीकडं पाहा! काळं काहीतरी आहे!”

“मी आहो!” ज्योत्स्ना ओरडली.

अर्ध्या तासानं दोघी बाहेर आल्या, मागोमाग उद्धवरावही. हात, पाय, मान, सगळं तपासलं. एक जळू नाही. मग प्रमोदिनीची नजर नवऱ्याच्या पायांवर गेली. पोटरीला एक आणि घोट्याला दोन, रक्त पिऊन टम्म.

“अहो!”

त्यांनी खाली पाहिलं आणि मटकन बसले. “मीठ! पेरूबरोबर आणलेलं मीठ काढ!”

“मीठ पेरूले राहू द्या,” म्हणत मैनाबाई आली. नखानं एकेक जळू कडेनं सरकवत तिनं बाजूला टाकली. “ह्या काठाच्या गवतात असतात साहेब. उभ्या माणसाले धरतात. मंधात, खोल पाण्यात नाही येत. तुमी बी बाईसंग गेले असते तं काही झालं नसतं. पोहता येते ना तुमाले?”

ज्योत्स्ना एकदम मन लावून पेरू कापू लागली. प्रमोदिनीच्या जिभेवर उत्तर तयार होतं, त्यांना सर्दी आहे म्हणून. अशी किती उत्तरं तिनं तीस वर्षांत पुरवली होती. आज तिनं ते गिळलं, त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि रक्ताळलेल्या पोटरीवर दाबून धरला.

उद्धवरावांनी टॉवेलाचं दुसरं टोक धरलं.

“नाही येत,” ते म्हणाले. मैनाबाईला नव्हे, तिला. “कधीच नव्हतं येत, प्रमोदिनी. पूर्णेत उडी मामेभावानं मारली. मी काठावर त्याचे कपडे धरून उभा होतो.”