सगडन

माझ्या मधल्या मुलीचं, नोराचं लग्न झालं ते १९६३ साल. चर्चमधून आम्ही सगळे दुपारी गावातल्या पबमध्ये आलो. बारा वर्षांनी हल शहरातून आलेला माझा मित्र जेबेझ सगडन शेजारी बसला होता. नवा जावई कीथ डार्ट खेळत होता; या खेळात बाण मारून उरलेला आकडा बरोबर शून्यावर आणायचा.

त्याला हवे होते चोवीस, आणि त्याने नेम धरला अठरावर. सगळे एकदम ओरडले, "सगडन!"

जेबेझचा ग्लास ओठांपाशीच थांबला.

"हे काय म्हणतात रे?" त्याने विचारलं.

कीथ हसत म्हणाला, "चुकीच्या आकड्यावर बाण मारला की सगडन, काका. पूर्वी इथे कोणी येडा होता म्हणे. अख्खी ट्रॉफी घालवली त्याने."

"कोणी काढला हा शब्द?"

"आमच्या सासऱ्यांनी!" कीथने माझ्या पाठीवर थाप मारली. "खाणीपलीकडच्या पबातही चालतो आता."



एक्कावन्नच्या त्या सामन्यात गुण लिहायचा खडू माझ्या हातात होता. जेबेझचे चाळीस उरले असताना मी फळ्यावर बत्तीस लिहिले. त्याने पहिल्याच बाणात बत्तीस घेतले, लोकांनी त्याला खांद्यावर उचललं, आणि मग समोरच्यांनी बेरीज तपासली: आठ अजून उरलेच होते, आणि ट्रॉफी त्यांच्याकडे गेली. आमच्यात आपला आकडा खेळणाऱ्याने स्वतः तपासायचा असतो. दोष त्याच्यावर गेला. माझ्या खडूकडे कोणी बघू नये म्हणून आठवड्याभरात मी तो शब्द काढला. तोवर जेबेझ गाव सोडून हलला बहिणीकडे गेला होता.

"क्लेम," जेबेझ हळू म्हणाला, "तू एकटा माझ्या बाजूने होतास, असं मी बहिणीला बारा वर्षं सांगतोय."



कीथ गोंधळला. "काका, तुमचं नाव काय म्हणालात?"

"जेबेझ," तो म्हणाला. आडनाव सांगितलं नाही. नोराच्या गालाला गाल लावला, केकचा तुकडा रुमालात बांधून घेतला आणि बसथांब्याकडे चालू लागला.

मला फक्त आकडे लिहिता येत; त्या शरदात मी नोराकडून अक्षरं शिकायला लागलो. पहिलं पत्र त्यालाच लिहायचं होतं. 'प्रिय जेबेझ, आकडा माझा चुकला' एवढं लिहून झालं होतं.

जेबेझ सगडन १९६४ च्या फेब्रुवारीत, अकरा तारखेला, हलमध्ये बहिणीच्या घरी वारला.