काकूंची खिडकी

टर्बोशेठच्या गाडीतला इंजिनाचा पिवळा दिवा पेटला आणि तो काही केल्या विझेना. टर्बोशेठ हे अर्थात मित्रांनी पाडलेलं नाव. माणूस विमा कचेरीत हिशेब तपासणारा, स्वभावाने गरीब. पण गाडीचा विषय निघाला की अंगात वारं शिरायचं. नुकतीच त्याने आपल्या टर्बो गाडीची ताकद वाढवून घेतली होती. धुराची जुनी नळी काढून मोठी, सरळ नळी बसवली होती. गाडी गुरगुरली की स्वारी खूश.

रविवारी तो आत्याकडे गेला. आत्या तंत्रशाळेत इंजिनं शिकवून निवृत्त झालेली. घरामागच्या शेडमध्ये ती ओळखीपाळखीच्यांच्या गाड्या बघायची.

"आत्या, हा दिवा तेवढा बंद करून दे. कॉम्प्युटरवरून करता येतो म्हणे."

"येतो. पण आधी तो का पेटलाय ते बघू."

तिने स्कॅनर लावला. धूर नीट शुद्ध होत नाही, असं त्यावर आलं. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. नळीचे सांधे गळतात का, सेन्सरची वायर भाजली आहे का, सगळं तिने तपासलं. त्यात काही दोष नव्हता. मग टॉर्च घेऊन ती गाडीखाली वाकली.

"अरे, धूर शुद्ध करणारा डबाच नाही इथे! नळीबरोबर तोही काढलास. दिवा बिघडलेला नाही रे बाळा, तो खरं सांगतोय."

"सगळेच काढतात गं. आणि गाडी झकास पळते."

"पळणारच. पण जो विषारी वायू तो डबा अडवायचा, तो आता जातो कुठे? सकाळी गाडी गरम कुठे करतोस?"

"घराखालीच. भिंतीला लागून."

"भिंतीच्या आत कोण राहतं?"

टर्बोशेठच्या डोळ्यांपुढे ती भिंत आली. आत तळमजल्यावरच्या काकू राहायच्या. बायको पहाटेच कामावर जाई, म्हणून तो लेकीला शाळेच्या वेळेपर्यंत काकूंकडे सोडायचा आणि मग त्यांच्याच खिडकीखाली गाडी सुरू करायचा.

घरी येताच त्याने काकूंचं दार वाजवलं. रविवार असूनही लेक तिथेच पसारा मांडून बसली होती. खोलीत उकडत होतं, तरी खिडकी गच्च बंद. फटीत ओला टॉवेल कोंबलेला.

"काकू, हे काय?"

काकू पदराशी चाळा करत राहिल्या. उत्तर लेकीने दिलं. "बाबा, तुमच्या गाडीच्या धुराने काकूंना खोकला येतो. मलाही येतो. मग गाडीचा आवाज आला की खिडकी लावून, तुम्ही जाईपर्यंत आम्ही आतल्या खोलीत गोष्टी सांगत बसतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू रे?" काकू म्हणाल्या. "सकाळी गाडीत बसताना तुझा चेहरा किती खुललेला असतो. मला बोलवेना."

काकू रागावल्या असत्या तर त्याने वाद घातला असता. या मायेपुढे मात्र तो पुरता हरला. लेकीला जवळ घेऊन तो एवढंच म्हणाला, "चुकलो, काकू."

आत्याने जुनी नळी, डबा, सगळं पुन्हा बसवून दिलं. गाडी पहिल्यासारखी शांत चालू लागली. गुरगुरण्याची आठवण त्याला येई, नाही असं नाही. मित्रांनीही यथेच्छ टिंगल केली. तो चिडला नाही. "तुमची गाडी कुणाच्या खिडकीशी उभी असते, तेवढं एकदा बघून या," म्हणाला. त्यातला एक जण खरंच बघून आला. दुसऱ्या दिवशी हळूच त्याने आत्याचा पत्ता विचारला.

वाचकहो, हौस कुणाला नसते? ती जरूर करावी. पण तिचा त्रास कोण सोसतंय, हेही पाहावं. सोसणारा माणूस पुष्कळदा आपलाच असतो आणि केवळ प्रेमापोटी गप्प असतो. तो बोलेल म्हणून वाट पाहू नये. आपणच त्याचं दार वाजवावं आणि विचारावं.