समूहगानाच्या सरांची वायर

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे. हातभर लांब, दोन्ही टोकांना पिना. एक पीन रेकॉर्डरमध्ये, दुसरी गाडीच्या स्टिरिओत, एवढाच माझा संसार. आज मी चिडले आहे, म्हणून गोड बोलणार नाही.

माझे मालक समूहगान शिकवत. तालीम रेकॉर्ड करायची आणि घरी जाताना गाडीत ऐकायची, ही त्यांची पद्धत. चूक आली की बटण दाबून तिथल्या तिथे थांबवत. "ही ओळ बघ, इथे सुरातून घसरली!" माझी एक तार आतून सुटत आली होती, म्हणून शेजारी बसलेली त्यांची मुलगी मला अंगठ्याने वाकवून धरी. मी कुरकुरत असे, पण सूर कधी उशिरा पोचवला नाही.

मालक गेले. लगेच धाकट्या मुलाने नवा स्टिरिओ बसवला, बिनवायरचा. त्यात मला शिरायला भोकच नव्हते. फिटरने मला डिकीत भिरकावले.

मुलगी बाबांची शेवटची तालीम ऐकायला आली.

"ताई, मोबाइलवर घेतलंय मी सगळं," भाऊ म्हणाला. "वायरींचं जंजाळ गेलं एकदाचं!"

त्याने लावले. नव्या स्टिरिओने पहिले शब्द गिळलेच. बाबा बोलू लागले, तोच टणकन मेसेज वाजला. मग आवाज तुटला आणि कुणी परकी बाई म्हणाली, 'डिव्हाइस जोडले आहे.' एवढा तोरा, आणि एक वाक्य धड पोचवता येईना!

"इअरफोन लाव ना मग."

"बाबा माझ्या एकटीच्या कानात नकोत. या गाडीत हवेत. जुना स्टिरिओ काढताना विचारलंस कुणाला?"

"आईला सोपं जावं म्हणून..."

"आई गाडी चालवते तरी का रे?"

भाऊ ओशाळला. जुना सेट फिटरच्या फळीवर अजून पडून होता, हे आमचे नशीब. त्याने स्वतः जाऊन तो परत बसवून आणला.

मला जोडले. रेकॉर्डिंगमधली तालीम संपली, मुले पांगली, पण मालक रेकॉर्डर बंद करायला विसरले होते. खुर्च्या ओढल्याचा आवाज येऊ लागला.

"बाबा खुर्च्या लावतायत," भाऊ हळूच म्हणाला.

"गप्प बस. लावू दे त्यांना."

शेवटची खुर्ची लागेपर्यंत दोघे बसून राहिले.

मित्रांनो, जुने ते कायम जपा, असे मी म्हणत नाही. मीही एक दिवस तुटेन. पण काही काढून टाकण्याआधी घरात विचारा. गेलेल्या माणसाच्या वस्तूंना तोंड नसते. तुम्हाला आहे ना?