मला सपाट करू नका

मित्रांनो, मी चित्रकथेचा एक जुना अंक आहे. तुम्ही मला कॉमिक म्हणाल. पाने बत्तीस, पोटात दोन पिना, पाठ थोडी वाकलेली. माझ्या मुखपृष्ठावर निळ्या मुखवट्याचा एक वीर मगरीच्या जबड्यात हात घालून उभा आहे. तो कुणालाच भीत नाही. मी मात्र भित्रा आहे आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. कागदाने भिऊनच असावे. पाणी, आग, उंदीर, कसर, लहान मुलांचे ओले हात, यांतले काहीही आमचा जीव घेऊ शकते. पण ज्या भीतीची हकीकत मी सांगणार आहे ती यांतली नाही. मला भीती वाटली ती माझे भले करायला आलेल्या माणसांची.

माझा जन्म चाळीस वर्षांपूर्वी मुंबईच्या एका छापखान्यात झाला. शाईचा वास अजून ओला असतानाच आमच्या कडा कापायला एक पाते खाली आले. तो माझा पहिला धसका. मग गठ्ठे बांधले गेले, सुतळी आवळली गेली आणि मी शहाद्याच्या एसटी स्टँडवरच्या दुकानात दोरीला लटकलो. आमची मालिका पुढे फार चालली नाही. मी तिचा पहिला अंक. छापलेही थोडेच होते आणि त्यातले बरेचसे भेळ बांधण्यात गेले, असे मी ऐकून आहे.

कळसाडीचा हेमकांत तेव्हा अकरा वर्षांचा होता. बापाबरोबर बियाणे घ्यायला आला आणि मला घेऊन गेला. माझे सोन्याचे दिवस होते ते. त्याने मला इतक्या वेळा वाचले की मगरीचे दात त्याला पाठ झाले. शेवटच्या पानावर ठेच्याच्या तेलाचा डाग आहे, तो त्याच्याच बोटाचा. त्याच्या वडिलांना, दोधू अण्णांना, असली पुस्तके खपत नसत. म्हणून हेमकांत मला ओसरीतल्या कापसाच्या ढिगात लपवायचा. एकदा तो शाळेत असताना कापूस गाडीत भरला गेला आणि मीही त्याच्याबरोबर! जिनिंग कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन आलो मी. तिथे एका हमालाने मला उपसून दोधू अण्णांच्या हातात दिले. त्या दिवशी हेमकांतला मार बसला आणि माझी पाठ वाकली ती कायमची.

दहावीनंतर हेमकांत शिकायला धुळ्याच्या वसतिगृहात निघाला. पत्र्याची पेटी घेऊन गावच्या थांब्यावर उभा राहिला, वडील सोडायला गेले, शेजारपाजारचे गेले. आई गेली नाही. ही गोष्ट त्याच्या मनातून कधीच गेली नाही. सुट्टीला आला की कुणाशी तरी बोलताना हमखास म्हणायचा, "मन्ही माय ते थांबावर बी उनी नही." आईला कधी विचारले मात्र नाही. तीही आपणहून बोलली नाही. त्या घरात असल्या गोष्टी कुणी बोलून दाखवत नसे.

आता नीट ऐका, मित्रांनो, कारण माझ्या सगळ्या भीतीचे मूळ इथे आहे.

त्या वर्षी गावात प्रौढ बायकांचा वर्ग सुरू झाला होता. हेमकांतची आई धनुबाई दुपारी निंदणी आटोपून वर्गाला जायची. घरी सराव करायला तिच्याकडे पाटी नव्हती. ती सुटा कागद घ्यायची आणि खाली टेकणाला मला. बॉलपेन असे दाबून धरायची की जणू वखरच चालवते आहे. प्रत्येक शब्द आधी तोंडाने म्हणायचा, मग लिहायचा, ही तिची रीत. तिची सगळी बाराखडी माझ्या मागच्या पानावर टोचली गेली.

हेमकांत गेल्यावर दहा-बारा दिवसांनी तिने एका दुपारी मला मुखपृष्ठ वर करून मांडीवर घेतले आणि आयुष्यातले पहिले पत्र लिहिले. मी तिच्या तोंडून ते ऐकले आणि अंगावर झेलले. ते असे होते:

"हेमू, मी थांबावर उनू नही म्हनीसन राग धरू नको. मी पऱ्हाट्यासना मांगे उभी व्हतू. गाडी दिसे तवपावत उभी व्हतू. जेवन करजो. तुन्ही माय."

थांब्याच्या अलीकडे कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा उंच ढीग रचलेला होता. त्याच्या मागे ती उभी राहिली होती, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. आईला रडताना पाहिले तर पोराचा पाय निघणार नाही, म्हणून लपली होती बिचारी.

पत्र तिने दोनदा वाचले. मग तिला वर्गातल्या बाईंचे बोलणे आठवले असावे, की पत्र शुद्ध पुस्तकी भाषेत लिहावे. वसतिगृहातली शिकलेली पोरे हे वाचून आपल्या पोराला हसतील, असे तिच्या मनाने घेतले. ती उठली आणि तो कागद तिने चुलीत घातला. पत्र जळाले, दुसरे तिने कधी लिहिले नाही. पण त्याचा दाब माझ्या मुखपृष्ठावर राहिला, शाई नसलेला, मगरीच्या पाठीपासून वीराच्या पायापर्यंत. समोरून पाहिले तर काही दिसत नाही. तिरप्या उजेडात धरले तरच दिसते.

पुढे मी पेटीत गेलो. धनुबाईने माझ्यावर कडुनिंबाचा पाला आणि चार सुक्या मिरच्या टाकल्या, कसर लागू नये म्हणून. हेमकांत लोणखेड्याच्या कॉलेजात क्लार्क झाला, तिथेच घर केले. धनुबाई वारली तेव्हा मी पेटीतच होतो. रडण्याचा आवाज पत्र्यातून ऐकू आला. त्या दिवसापासून तिने त्याला लिहिलेले सगळे जगात एकाच ठिकाणी उरले होते, ते म्हणजे मी. एवढे मोठे ओझे आणि वाहणारा कोण, तर बत्तीस पानांचा भेकड!

गेल्या दिवाळीत पेटी उघडली. हेमकांतचा भाचा भाग्येश जुनी कॉमिके जमवतो आणि विकतो. त्याने मला उचलले आणि ओरडलाच, "मामा, हाऊ पहिला अंक शे! लोके याले धुंडी ऱ्हायनात."

"मंग लई जा," हेमकांत म्हणाला. "पेटीमा पडी ऱ्हायना शे. जो जपी त्याले दे."

भाग्येश वाईट मुलगा नाही. त्याने मला लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घातले, धरतानाही कडांना हात लावला नाही. चारच दिवसांत त्याला गिऱ्हाईक मिळाले. मला तो गृहस्थ कधी दिसला नाही, पण त्याची अट मी ऐकली. अंक जसा होता तसाच हवा, त्याच्यावर कसलीही दुरुस्ती झालेली नसावी. आणि भाग्येशला वाटले, पाठ तेवढी सरळ केली तर अंक उठून दिसेल. म्हणून तो मला शहाद्याला निर्मलाबाईंकडे घेऊन गेला.

निर्मलाबाई रजिस्टरांची बांधणी करतात; हेमकांतच्या कॉलेजचे काम त्यांच्याकडेच असते, आणि अंक मामाच्या पेटीतला हे भाग्येशने त्यांना सांगितले. त्यांच्या दुकानात शिरल्याबरोबर मला कोपऱ्यातला शिकंजा दिसला. दोन जाड लोखंडी पाट आणि वर फिरवायचा स्क्रू. त्यात कॉलेजची हजेरीपुस्तके दाबून ठेवली होती. मला छापखान्यातले ते पाते आठवले.

निर्मलाबाईंनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, "गिऱ्हाईक दुरुस्ती नको म्हनस ना? मंग मी दाबसू, ते तू त्याले काय सांगशी?"

"दाबनं म्हंजे दुरुस्ती नही, मावशी," भाग्येश म्हणाला. "डिंक लावना नही, रंग भरना नही, पान बदलनं नही. काही लावनं नही, काही काढनं नही. नुसती वाकेल पाठ सरळ करनी. सगळा जमवनारा अशाच करतस."

"मानूसनी पाठ सरळ कयी तरी डाक्टर कागदवर लिखी देस," त्या म्हणाल्या.

भाग्येश हसला. त्या हसल्या नाहीत. पण शेवटी त्याच्या घाईपुढे त्यांनी मान डोलावली. त्याला अंक दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता.

काही काढणार नाही! मित्रांनो, मला तोंड असते तर मी तिथेच किंचाळलो असतो. अरे, माझ्यावर जे आहे ते शाई नाही, रंग नाही, डागही नाही. तो नुसता खळगा आहे, आणि खळगा भरला की तो काढून टाकल्यासारखाच. पण मला तोंड नाही. आणि ट्यूबलाइटच्या सरळ उजेडात माझे मुखपृष्ठ त्यांना स्वच्छच दिसले.

त्यांनी एक झाकणाचा डबा घेतला. तळाला ओला टीपकागद, त्यावर जाळी आणि जाळीवर मी. कागद आधी ओलाव्याने मऊ करायचा, मग गरम इस्त्री, मग शिकंजा, अशी ती रीत. झाकण बंद झाले. अंधारात माझ्या अंगात हळूहळू दमटपणा शिरू लागला. मी डब्यात तिरपा टेकलो होतो, माझा वरचा भाग ओल्या कागदाच्या जवळ होता. तिथला कागद फुगू लागला. दबलेले जे जे होते ते वर येऊ लागले. आधी "हेमू" गेले. मला ते जाताना कळत होते. मग "राग धरू नको" गेले. मी मनातल्या मनात पत्र पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो, जणू माझ्या म्हणण्याने ते थांबणार होते. इतकी भीती मला उंदराची कधी वाटली नाही. मला फाडा, जाळा, पण हे नका करू, असे मी त्या झाकणाला विनवत होतो. त्यानंतर "पऱ्हाट्यासना मांगे" गेले.

झाकण उघडले. पाठ सरळ झाली का हे पाहायला निर्मलाबाईंनी मला दारातल्या उन्हात नेले आणि डोळ्यासमोर आडवे धरले. त्या थबकल्या.

"अरे, आठे ते कोनीतरी लिखेल शे!"

इस्त्री तापली होती. त्यांनी तिचे बटण बंद केले. मला वाऱ्यावर ठेवले आणि भाग्येशला न विचारता सरळ हेमकांतला फोन लावला. "भाऊ, मी काम बंद कयं. तुम्ही या. तुम्हना अंकवर लिखेल शे काही. अर्धं मन्हा हातथीन गयं असं वाटस."

लोणखेडा शहाद्याला लागूनच. हेमकांत स्कूटरवर आला, भाग्येशही आला. निर्मलाबाईंनी मला दारात तिरपे धरले. हेमकांतने चष्मा वर केला, खाली केला, आणि मग त्याचा चेहराच बदलला. धनुबाई 'न'ची गाठ उलटी काढायची. रेशनच्या कागदावरच्या सहीत त्याने ती गाठ कितीदा पाहिली होती.

"हाई मन्ही मायनं अक्षर शे," तो म्हणाला.

तो एकेका शब्दावर थांबत वाचू लागला. "तवपावत… उभी व्हतू. जेवन करजो. तुन्ही माय."

एवढेच उरले होते. त्याने पुन्हा वाचले. वरच्या कोऱ्या जागेवर बोट फिरवले. तिथे काही लागले नाही.

"उभी व्हतू," तो पुटपुटला. आणि पन्नाशी ओलांडलेला तो माणूस बांधणीच्या दुकानात, दोन माणसांसमोर, लहान मुलासारखा विचारू लागला, "कोठे उभी व्हतीस व माय? कोठे?"

भाग्येश घाबरला होता. त्याच्या तोंडून निघून गेले, "मामा, आपन ते काहीच काढं नही…"

"काढं नही?" हेमकांत म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मंग आठे काय व्हतं ते सांग."

 निर्मलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "इचार ना करता दाबाले बसनू, मन्ही बी चूक शे," त्या म्हणाल्या. भाग्येशने खिशातून फोन काढला आणि त्या गिऱ्हाइकाला लिहिले की अंकावर काम झालेले आहे आणि तो आता विकायचा नाही.

तेव्हापासून मी हेमकांतच्या कपाटात आहे. तो मला रोज खिडकीपाशी नेतो, तिरपे धरतो आणि बोट फिरवतो. त्याच्या बोटाने उरलेले शब्दही झिजतील, ही माझी नवी भीती. आणि एके दिवशी तो बोट फिरवायचा थांबेल, ही त्याहून मोठी.

मित्रांनो, जुन्या वस्तूची सुरकुती काढायला हात उचलाल तेव्हा जरा थांबा. तिला उन्हात तिरपे धरा आणि ती कशाची आहे ते आधी वाचा. आणि माझे एवढे एक काम करा. मी बोलू शकत नाही, तुम्ही बोलू शकता. कधी लोणखेड्याला गेलात तर कॉलेजातल्या हेमकांतला गाठा आणि सांगा, ती पऱ्हाट्यांच्या मागे उभी होती.