चंद्रपूर-नागभीड एकाच डब्यात

मॉडेल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कुणी देखणं माणूस आलं असेल, तर आधीच माफी मागतो. मी संगणकातलं मॉडेल बोलतोय. मला ना चेहरा, ना कंबर. मी म्हणजे नुसती ढीगभर गणितं, आणि राहायला रंजीताचा जुना लॅपटॉप. मी चालू झालो की त्याचा पंखा असा घरघरतो, की शेजाऱ्यांना वाटतं पिठाची गिरणी सुरू झाली.

काम मात्र माझं मोठं आहे बरं! इथल्या कोळशाचा, चुलींचा, जंगलातल्या वणव्यांचा धूर वाऱ्याबरोबर कुठवर जातो ते मी सांगतो. थेट उत्तर ध्रुवापर्यंत! तिथल्या बर्फावर काजळी बसली की तो जास्त तापतो आणि लवकर वितळतो. रंजीता वरोऱ्याच्या कॉलेजात शिकवते आणि माझ्या जोरावर पीएच.डी. करते. असं निदान मी समजतो.

हिशेबासाठी मी पृथ्वीचे मोठमोठे चौकोन पाडतो. रंजीता त्यांना डबे म्हणते. एका डब्यात सगळीकडे एकच हवा. आत काय चाललंय ते मला दिसत नाही, आणि दिसत नाही हेही कळत नाही. तरी तोरा असा, की विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर दशांशासकट ठोकून देतो.

रंजीताचे बाबा नथ्थूभाऊ चंद्रपुरात रेल्वेलाइनीजवळ राहतात. त्यांना दमा आहे. यंदा हिवाळ्यात तो फारच वाढला. डॉक्टर म्हणाले, काही महिने यांना इथून हलवा. नागभीडला त्यांचा धाकटा भाऊ गोपाल आहे, मोकळं घर, भोवती धानाची शेतं. पण नथ्थूभाऊंचा पाय घरातून निघेना.

"तुह्या मशीनले इचार," ते म्हणाले. "नागभीडची हवा चांगली हाय असं त्यानं सांगतलं, तं जातो."

डॉक्टरपेक्षा माझ्यावर विश्वास! मी फुगलो. रंजीता टाळू पाहत होती, पण बाबा खुर्ची ओढून बसले. तिनं चंद्रपूर विचारलं, मग नागभीड. मी ऐटीत दोन आकडे दिले. अगदी सारखे. दोन्ही गावं माझ्या एकाच डब्यात!

"पाह्य! सारखीच हाय ना हवा? मंग कायले जाऊ?" म्हणता म्हणता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. रंजीता पाठ चोळत होती, आणि माझे ते दोन शहाणे आकडे पडद्यावर झळकत होते. मला माझीच लाज वाटली.

"बाबा, याले उत्तर ध्रुव समजते," ती रडवेली होऊन म्हणाली. "नागभीड नाई समजत. त्याच्या हिशेबानं तुमी आन् गोपालकाका एकाच घरात राह्यता."

"मंग यानं सांगतलं काऊन?"

"आपण इचारलं म्हणून. मले तुमी पाह्यजे, बाबा. जा ना नागभीडले."

नथ्थूभाऊ पाणी प्यायले आणि त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "समजत नाई तं चूप बसाव ना बे!" असं त्यांनी मला सुनावलं. मग लेकीला म्हणाले, "गाडी कितीची हाय?"

परवा त्यांचा फोन आला. गोपाल घोरतो, चहात साखर कमी टाकतो, अशी लांबलचक तक्रार त्यांनी एका दमात केली. एकदाही खोकले नाहीत. रंजीता आधी हसली, मग रडली.

तेव्हा वाचकहो, ध्रुवाचं मला खुशाल विचारा. घरच्या माणसाच्या श्वासाचं मात्र विचारू नका. माझ्या लेखी नथ्थूभाऊ अजून जागचे हललेले नाहीत, तीच हवा ओढताहेत. मी इतका चुकलोय याचा आनंद मला पहिल्यांदाच होतोय.